सासूबाईंचे ब्रेक

गाडी चालत नसली की लोक धक्का मारायला येतात. गाडी थांबत नसली की तेच लोक फुटपाथवर चढतात. माणसाच्या भूतदयेला एवढीच मर्यादा आहे, आणि ती मी आमच्या गल्लीत याचि डोळा पाहिली.

सासूबाई गाडी घेऊन घरी येत होत्या; त्या आमच्याकडेच राहतात. फाटकाशी आल्या, मला हात केला. मीही हात केला. आणि गाडी माझ्यासमोरून तशीच, काही घाई नसल्यासारखी, पुढे निघून गेली. आत सासूबाई ताठ बसून एका पायाने खाली काहीतरी भराभर तुडवत होत्या. शेवटी गल्लीच्या टोकाला कुणाच्या तरी बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगात गाडीने नाक खुपसलं आणि ती थांबली.

मी धावत गेलो. सासूबाईंनी काच वर केली, हँडब्रेक ओढला, पर्स घेतली, उतरल्या, दार लावलं आणि म्हणाल्या, "ब्रेक जरा खाली जातोय, जावईबापू."

"आई, अहो हँडब्रेक आधी ओढायचा ना!"

"चालत्या गाडीत हँडब्रेक ओढू नये," त्या म्हणाल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. प्राण गेला तरी नियम जाता कामा नये, या मताच्या.

मी कीर्तनाचा वेडा माणूस. एका बुवांनी एकदा रंगात येऊन सांगितलं होतं, "वेग देवाने सगळ्यांना फुकट दिलाय रे, आवर मात्र ज्याचा त्याने कमवायचा." तेव्हा मी मान डोलावली होती. मान डोलावणं सोपं असतं. आवर कमवायला गाडीखाली झोपावं लागतं, हे बुवांनी सांगितलं नव्हतं. असो. मूळ पदावर येतो.

गाडी जुनी आहे. सासऱ्यांनी हौसेने घेतलेली, आता सासूबाईंच्या नावावर असलेली, फिकट हिरव्या रंगाची, कपाटासारख्या रुंद दारांची. पुढची सीट म्हणजे एक सलग बाक. हा बाक महत्त्वाचा. सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या मावशींचे, दोन्ही गुडघे कायमचे रुसलेत. हल्लीच्या गाड्यांत त्यांना बसवायचं म्हणजे दाराच्या फटीतून टेबल आत घ्यायचं: पाय आत गेले तर डोकं बाहेर, डोकं आत गेलं तर पाय बाहेर, आणि मावशी "अगं आई गं" म्हणतात ते वेगळंच. या गाडीत मात्र बाकाच्या कडेला टेकायचं, पाय उचलून घ्यायचे आणि सरकायचं. दर रविवारी सासूबाई त्यांना गावाबाहेरच्या टेकडीला वळसा घालून आणतात. उरलेला आठवडा मावशी खिडकीत बसून रविवारची वाट बघतात. बास, मावशींचं घराबाहेरचं जग एवढंच.

आणि नेमका आता सासूबाईंचा परवाना संपला होता. वय झालेल्यांना नव्याने चाचणी द्यावी लागते. ती द्यायला आम्ही वाहन कचेरीत गेलो, तर खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "गाडीची तपासणीही संपलीय. तपासणी झालेल्या गाडीवरच चाचणी देता येते."

"मग तपासणी करून द्या," मी म्हणालो.

"ती शेजारची खिडकी."

शेजारच्या खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "तपासणीला गाडी मालकाने स्वतः चालवत आणायची. मालकाचा परवाना चालू पाहिजे."

"तो पलीकडच्या खिडकीत अडकलाय."

"मग तो सोडवून या."

दोन्ही गृहस्थांच्या मध्ये पार्टिशनसुद्धा नव्हतं. दोघं एकाच कपातला चहा अर्धा अर्धा करून पीत होते. चहा वाटून घेणारी माणसं नियम वाटून घेत नाहीत, हे बघून मी तात्त्विक उदासीनतेत शिरणार, तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी दोघांकडे, एकाच बाकावरच्या दोन मुलांकडे बघावं तसं बघितलं.

"तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही का?"

"बोलतो की, बाई."

"मग बोला. मी इथे उभी आहे."

ते बोलले. तोडगा निघाला. शनिवारी एकच साहेब गाडीही तपासतील आणि सासूबाईंनाही. मैदानात पांढरी पट्टी आखलेली असते. साहेबांनी खूण केली की गाडी पट्टीवर सरळ थांबली पाहिजे. चाक पट्टीबाहेर गेलं, तर गाडी बाद आणि परवानाही बाद. संधी एकच.

परतताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "परवाना गेला तर ताईला काय सांगू?"

"आई, मी नेईन की मावशींना."

"तुमच्या सवडीने?" त्या म्हणाल्या. "तुमची सवड मी पाहिलीय, जावईबापू. बाथरूमचा नळ अजून गळतोय."

हा वार वर्मी लागला. त्याच तिरीमिरीत मी गॅरेजवाल्याला गाडी दाखवायला घेऊन आलो. त्याने गाडीखाली डोकावून वर येत कपाळाला हात लावला. लायनर झिजलेत, पाइपात हवा शिरलीय, रबरं कडक झालीत, असं निदान केलं आणि वर म्हणाला, "माझ्याकडे पुढचा महिनाभर जागा नाही. सामान देतो. नाहीतर सरळ विकून टाका."

विकून टाका! मी त्याच्या दुकानातून सामानाचा खोका काखेत मारून घरी आलो आणि जेवताना, सासूबाईंच्या देखत, वरणाच्या वाटीकडे बघत सहज बोलून गेलो, "ब्रेकच तर आहेत. मी करीन."

बायकोच्या हातातला डाव हवेत थांबला. "अहो, तुम्ही?"

त्या "तुम्ही"तला प्रश्न मला आवडला नाही. पण शब्द गेला होता, आणि शब्दाला ब्रेक नसतो.

आता हे यंत्र मुळात किती सोपं आहे बघा. चाकाच्या आत लोखंडी डबा असतो, त्याला म्हणायचं ड्रम. त्यात दोन चंद्रकोरी असतात, त्या शू; त्यांच्या पाठीवरचा खरखरीत थर म्हणजे लायनर. आपण पाय दाबला की पाइपातलं तेल त्या कोरींना बाहेर रेटतं, त्या डब्याला आतून मिठी मारतात, आणि धावणारं चाक त्या मिठीत विरघळून थांबतं. शत्रूला आडवं जाऊन थांबवायचं नाही, आतून प्रेमाने थांबवायचं. मला तर भरूनच आलं. अशा सात्त्विक यंत्राला हात लावायला भ्यायचं काय?

सकाळी मी मागचं चाक काढलं. ड्रम काही निघेना. हाताने ओढला, पाय रोवून ओढला, हातोडी मारली. हातोडीच्या आवाजाने इमारत गोळा झाली. इमारत म्हणजे मुख्यतः दोघं. तळमजल्यावरचे ड्रिलमास्तर, ज्यांची शाळा सुटली पण गळ्यातली शिट्टी सुटली नाही. आणि पहिल्या मजल्यावरचे डॉक्टर, जे मोहरीएवढ्या गोड गोळ्या देतात आणि "फरक हळूहळू पडेल" म्हणतात.

"जोर कमी पडतोय," ड्रिलमास्तर म्हणाले. "कंबरेतून ओढा. एक, दो!"

"जोर जास्त होतोय," डॉक्टर म्हणाले. "दोन थेंब तेल सोडा आणि विसरून जा. संध्याकाळी आपोआप निघेल."

मी तेल सोडलं. कंबरेतून ओढलं. कंबर निघाली, ड्रम नाही. ड्रिलमास्तरांनी माझी कंबर धरली आणि मागे ओढलं, डॉक्टरांनी ड्रिलमास्तरांना लांबून नैतिक पाठबळ दिलं. शेवटी घामाघूम होऊन मला आठवलं: हँडब्रेक! मागच्या चाकांचा हँडब्रेक ओढलेला असला की आतली मिठी सुटत नाही. मी कुणाला कळू न देता आत हात घालून तो सोडला आणि पाणी प्यायला गेलो. येऊन ओढतो तर पुन्हा तेच! पुन्हा आत बघितलं, तर हँडब्रेक ओढलेला.

हे तीनदा झालं. चौथ्यांदा मी पाणी प्यायला गेल्याचं नाटक करून जिन्याआड उभा राहिलो. सासूबाई आल्या, इकडेतिकडे न बघता दार उघडलं, हँडब्रेक ओढला आणि निघाल्या.

"आई! तो मी सोडलेला असतो!"

"मला वाटलं, तुम्ही विसरताय," त्या म्हणाल्या. "उभ्या गाडीचा हँडब्रेक ओढलेलाच असावा."

"पण त्यानेच हा निघत नाहीये!"

"मग असं सांगायचं ना. सकाळपासून हातोडीने काय सांगताय?"

ड्रिलमास्तर खोकले. डॉक्टरांनी आकाशाकडे बघितलं. चाकाखाली दोन दगड टेकवल्यावरच सासूबाईंनी हँडब्रेक सोडायची परवानगी दिली, आणि ड्रम लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला.

मागची दोन्ही चाकं त्या दिवशी मी एकट्याने उरकली, आणि त्यामुळे अंगात थोडा मद शिरला. पुढच्या दोन चाकांचे ड्रम मी एकदमच काढले. इथे जाणकार वाचक हळहळेल. एक बाजू उघडली असता दुसरी बाजू मिटलेली ठेवावी, म्हणजे अडलं तर डोकावून बघता येतं, हा या विद्येचा ओनामा आहे. माझ्यासमोर आता दोन उघडी चाकं, आणि जमिनीवर स्प्रिंगा, खिळे, पत्र्याच्या चकत्या, यांची जत्रा. त्यातली एक स्प्रिंग तर पक्कड लावताच टण्णकन सुटली आणि दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या कुणाच्या तरी पायजम्यात शिरली. तो पायजमा मागायला जाताना मी जी प्रस्तावना केली, ती आता आठवायलाही नको.

मला नाही म्हणता येत नाही, हा माझ्या स्वभावातला निर्मात्याचाच घोटाळा आहे. ड्रिलमास्तर म्हणाले, "हे उजवं चाक माझ्याकडे द्या." मी दिलं. हे बघून डॉक्टरांचा चेहरा पडला. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा पडलेला मला बघवत नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, डावं तुमचं." दोघं आपापल्या चाकाशी पाट घेऊन बसले. मला स्वतःच्या औदार्याचं इतकं कौतुक वाटलं की मी दोघांना चहा आणून दिला.

आता उरली हवा. पाइपातली हवा काढायची रीत अशी: एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली चाकाशी एक छोटं निपल सैल करायचं, त्यातून तेल आणि बुडबुडे बाहेर येतात, ते निपल बंद करायचं, आणि मगच वरच्याने पाय उचलायचा. क्रम चुकला, पाय आधी उचलला, की बाहेरची हवा पुन्हा आत. सगळ्या जगात यासाठी तीन शब्द वापरतात: दाब, धर, सोड. म्हणजे ज्या जगात जावई आणि सासू ही जोडी हे काम करत नाही, तिथे.

कारण आत बसल्या होत्या सासूबाई. "माझी गाडी, माझा पाय," म्हणाल्या. आणि मी गाडीखालून माझ्या सासूला "दाब" म्हणू? जीभ झडेल!

"आई, आता तेवढा पाय दाबता का?"

"दाबते की. हा बघा, दाबला."

"आता जरा धरून ठेवावा."

"धरलाय. तुम्ही घाई करू नका."

मी निपल सैल केलं. दुधाच्या भांड्यात तेल उतरलं, बुडबुडे आले. "वा! आता आई, मी बंद केलं की मग तुम्ही, म्हणजे मी सांगेन तेव्हा, पण आत्ता नाही, पाय सोडायला—"

"काय म्हणालात?" सासूबाई दारातून खाली वाकल्या. माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघून बोलावं, हा त्यांचा संस्कार. वाकल्या तसा पाय सुटला. निपल उघडं. बुडबुडे, जे बाहेर आले होते, ते आपल्या घरी परत गेले.

पुन्हा दाबलं. तेवढ्यात फाटकातून जाणारं कुणीतरी म्हणालं, "नमस्कार बाई." बाईंनी नमस्कार केला. नमस्काराला नुसते हात लागतात असा माझा समज होता. सासूबाईंचा नमस्कार पायापासून निघतो. हवा आत.

अर्धी बाटली संपली. मी बाटली टेकवली होती बॉनेटवर, तिथला रंग गोल सोलून निघाला. ब्रेकचं तेल रंग खातं, हे मला तेव्हा कळलं. सासूबाईंनी तो गोल बघितला आणि एवढंच म्हणाल्या, "छान. आता ही आपलीच गाडी म्हणून ओळखू येईल."

बायको भांडं न्यायला आली. "अहो, हे माझं दुधाचं भांडं आहे!"

"होतं," मी गाडीखालून म्हणालो.

संत म्हणतात, देह हा पाण्यावरचा बुडबुडा. त्या दिवशी मी एकामागून एक इतके देह जाताना आणि परत येताना पाहिले की पुनर्जन्मावरचा माझा विश्वास पक्का झाला. पण मुक्ती कुणालाच मिळत नव्हती.

शेवटी बायको दोघांच्या मध्ये उभी राहिली. "तुम्ही दोघं बोलूच नका. आई, तू यांना मान देते आहेस आणि हे तुला मान देतायत, आणि ब्रेक मध्ये मरतोय." तिने सरळ ड्रिलमास्तरांच्या गळ्यातली शिट्टी मागून आणली आणि माझ्या हातात कोंबली. "एक वाजली की दाब. दोन वाजल्या की सोड. कळलं दोघांना?"

शिट्टीला अहो-जाहो नसतं! मी एक फुंकली: पाय खाली. निपल सैल, तेल, बुडबुडे, निपल बंद. दोन फुंकल्या: पाय वर. हेडबाई शिट्टीवर अशा चालल्या की काय सांगू! कुणी नमस्कार घातला तरी त्या ढिम्म हलल्या नाहीत. पलीकडे ड्रिलमास्तर मात्र पहिल्या शिट्टीला सवयीने सावधान उभे राहिले आणि हातातला पाना पायावर पडला. गल्लीत एक सायकलवाला थांबला तो थांबलाच, "जाऊ का?" विचारत. पण चारही चाकांतून निखळ तेल आलं, आणि पाय दाबला की ब्रेक खाली न जाता विटेवर पाय ठेवावा तसा ताठ राहू लागला. सासूबाई म्हणाल्या, "हं." त्यांच्या "हं"साठी लोकांनी दोन दोन वर्षं अभ्यास केलाय.

संध्याकाळी गल्लीत चाचणी घेतली. सासूबाईंनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण थांबता थांबता उजवीकडे वळली आणि दूधवाल्याच्या दुकानाकडे बघत उभी राहिली.

"उजवं चाक आधी धरतंय," डॉक्टर आनंदाने म्हणाले. "फार आवळलंय. मात्रा जास्त."

"डावं धरतच नाहीये," ड्रिलमास्तर म्हणाले. "चाक आहे का पाळणा? नुसतं डुलतंय!"

"शरीराला सवय व्हायला वेळ द्यावा लागतो."

"शनिवारी परीक्षा आहे डॉक्टर, बाळंतपण नाही!"

मला भांडण बघवत नाही. मी पुन्हा एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "दोघांनी एकमेकांचं चाक बघा. म्हणजे समतोल होईल." दोघांनी चाकं बदलली. डॉक्टरांनी ड्रिलमास्तरांचं उजवं चाक प्रेमाने सैल केलं. ड्रिलमास्तरांनी डॉक्टरांचं डावं चाक दात ओठ खाऊन आवळलं. पुन्हा चाचणी. गाडी डावीकडे वळली आणि समोरच्या गटाराच्या काठावर चाक टेकवून थांबली.

सासूबाई उतरल्या नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून तशाच बसून राहिल्या. मी दाराशी गेलो. त्यांच्या चेहऱ्यावर मुख्याध्यापिका कुठेच नव्हती. एक म्हातारी बाई होती.

"जाऊ दे, जावईबापू," त्या हळू म्हणाल्या. "ताईला मी सांगेन, गाडी म्हातारी झाली म्हणून. तिला पटेल. आम्ही तिघी एका वयाच्या."

मला त्या क्षणी जे झालं ते भजनातही होत नाही. मी मागे वळलो. ड्रिलमास्तर पाना घेऊन पुढे आले, डॉक्टर चष्मा पुसत पुढे आले, आणि माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द निघाला.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. कृपा करा. लांब उभे राहा. दोघंही."

दोघं इतके चकित झाले की खरोखर लांब उभे राहिले. मी गाडी जॅकवर घेतली. आधी डावं चाक. बायकोने हाताने चाक फिरवायचं, मी मागून अडजस्टरची दातेरी चकती आवळत जायचं. आवळत आवळत चाक थांबलं की परत सोडत यायचं, हलकेच घासल्याचा आवाज येईपर्यंत. तंबोऱ्याची तार लावताना गवई डोळे मिटतो, तसे मी डोळे मिटले. सुर्र, सुर्र, सुर्र. बास. मग उजवं चाक. तेही आवळलं, सोडलं, सुर्र.

"थोडं कमी आहे डाव्यापेक्षा," बायको म्हणाली. "अजून एक दाता."

"आता?"

"आता जोडी जमली."

ती चाक फिरवत होती, हातांना काळं लागलं होतं, केस कपाळावर आले होते. लग्नानंतर एवढं एकमताने आम्ही दुसरं काही केलेलं मला आठवत नाही. सासूबाईंनी गाडी गल्लीत एक चक्कर मारून आणली आणि थांबवली. गाडी नाकासमोर थांबली. त्यांनी पुन्हा एक चक्कर मारली, पुन्हा थांबवली. मग आणखी एक.

शनिवारी मैदानाच्या कुंपणाशी आम्ही चौघं उभे होतो. ड्रिलमास्तर आणि डॉक्टर रुसवा विसरून आले होते, हा त्यांचा मोठेपणा. साहेब तरुण होते. ते सासूबाईंचे विद्यार्थी निघाले असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ते दुसऱ्या शाळेतले निघाले, आणि त्या शाळेत कडक शिस्त होती.

"वय काय आजी तुमचं?" साहेब गाडीत बसता बसता म्हणाले.

"वय कागदावर आहे, ब्रेक पायाखाली आहे," सासूबाईंचा आवाज कुंपणापर्यंत आला. "तुम्हाला काय तपासायचंय?"

"झालं," बायको पुटपुटली. "आता नापासच."

गाडी निघाली. मैदानाला वळसा घालून वेगात पट्टीकडे आली. मी गजांना धरून उभा होतो. साहेबांनी खूण म्हणून पुढच्या फळीवर हात आपटला. चाकं पट्टीवर थांबली. जराही इकडे नाही, तिकडे नाही. साहेबांची टोपी मात्र थांबली नाही. ती काचेवर आपटून सासूबाईंच्या मांडीवर पडली. त्यांनी ती झटकून परत दिली.

पण साहेब उतरेनात. काच बंद, आत दोघं बोलतायत. सासूबाईंचं बोट हललं. मग हललं नाही. मग त्यांनी मान खाली घातली, आणि माझा धीर सुटला. कुंपण चढून जावं असं वाटायला लागलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं.

"वर्षभराचा देतोय," साहेब आमच्याकडे येत म्हणाले. "दर वर्षी डोळे तपासायचे. आणि हो, ब्रेक उत्तम आहेत. कोणी केले?"

मी नम्रपणे घसा साफ केला. तेवढ्यात ड्रिलमास्तर आणि डॉक्टर एकाच वेळी एक पाऊल पुढे आले.

"आम्ही," दोघं म्हणाले.

साहेबांनी दोघांशी हात मिळवला. मी घसा साफ केलेला होताच, म्हणून खोकलो.

"आत काय विचारत होते?" बायकोने आईला विचारलं.

"या वयात गाडी कशाला, म्हणाले. सांगितलं ताईबद्दल." सासूबाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि उगाचच गाडीची काच पुसली. "चला, बसा. रविवारची वाट कोण बघतंय?"

मी सवयीने पुढच्या दाराकडे गेलो. "मागे," त्या म्हणाल्या. बायको आणि मी मागे बसलो; ड्रिलमास्तर आणि डॉक्टर आपलं श्रेय घेऊन रिक्षाने घरी गेले.

मावशी खिडकीत होत्या. शनिवारी हिरवी गाडी दाराशी बघून त्यांना वाटलं, काहीतरी वाईट झालंय. मग धाकट्या बहिणीचा चेहरा दिसला आणि त्या काठी आपटत दारापर्यंत आल्या. बाकावर टेकल्या, पाय घेतले, सरकल्या. बायकोने दार लावलं.

टेकडीचा रस्ता चढून गाडी वर आली आणि उतार सुरू झाला. लांबलचक, वळणाचा, खाली झाडी. सासूबाईंनी ब्रेकवर पाय टेकवला. गाडीने लगेच हुकूम मानला. मागे माझी छाती फुगली. कुणी विचारलं नाही तर न विचारो, उतारावर अशी मऊ थांबणारी गाडी कुणाच्या हातची आहे, हे गाडीला तर माहीत होतं!

"अगं धाकटे," मावशी म्हणाल्या, "सारखी थांबवतेस काय? जरा जाऊ दे की."

"उतार आहे, ताई."

"असू दे ना उतार! वर्षानुवर्षं एकाच खुर्चीत थांबलेय मी. आता तरी नको थांबवूस."

सासूबाईंनी बहिणीकडे बघितलं. आणि ज्या बाईने चालत्या गाडीचा एकही नियम जन्मात मोडला नव्हता, तिने ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी वाऱ्यासारखी सुटली. मावशींच्या डोक्यावरचा पदर उडाला, पुढच्या बाकावर दोन पांढरे अंबाडे हलायला लागले, आणि दोघी बहिणी शाळा बुडवलेल्या पोरींसारख्या खिदळायला लागल्या.

बायकोने माझा हात घट्ट धरला. मी तोंडाने देवाचं नाव घेत होतो, मोकळ्या हाताने दाराची कडी धरून होतो, आणि दोन्ही पायांनी मागच्या सीटखालची पत्र्याची जमीन जीव खाऊन दाबत होतो.